बेट : पाण्याचे आणि वेळूचे

मराठीत ‘बेट’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि त्यांपैकी कोणता आधी आठवावा हे बहुधा माणसाच्या गावावर अवलंबून असते. कोकणातल्या वाचकास चोहोबाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग दिसेल. चांद्याकडील झाडीत वाढलेल्या माणसास मात्र बेट म्हणजे वेळूचे, एकाच मुळातून उठलेल्या पाच-पन्नास काठ्यांचा तो दाट जुडगा. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हे दोन्ही अर्थ एकाच गावी नांदताना आढळतात. समुद्र येथून शेकडो मैल दूर. तथापि भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या एकत्र येतात, आणि श्रावण-भाद्रपदात पर्लकोटेचे पाणी चढले म्हणजे आलापल्लीकडचा रस्ता तुटून पलीकडच्या गावांची बेटे होतात, असा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. पाणी उतरले तरी या गावांचे बेटपण पुरते सरत नाही, कारण उरलेले काम अरण्य करीत असते.

अशा एकांतातल्या गावाकडे बाहेरचा माणूस तीन नात्यांनी जातो : राहावयास, पाहावयास, किंवा पैसा घालावयास. इंग्रजी शिकलेल्या आमच्यासारख्यांच्या मनात बेट म्हटले की डॅनियल डिफोचा रॉबिन्सन क्रूसो (१७१९) उभा राहतो. त्याच्या एकांताचे व उद्योगाचे कौतुक सर्वांस ठाऊक असते. त्या ग्रंथाच्या अखेरीस काय घडते ते फारसे कोणी ध्यानात ठेवीत नाही. सुटका होऊन गेलेला क्रूसो पुढे आपल्या बेटास भेट देतो, तेथे राहिलेल्यांना जमिनीचे वाटे करून देतो, सामान व कारागीर पुरवतो. मात्र सबंध बेटाची मालकी स्वतःकडे राखून ठेवतो. वहिवाट तुमची, मालकी आमची, हा तो न्याय. आमच्या अरण्याचा दोन-अडीच शतकांचा इतिहास पाहू जाता या एका वाक्याची आठवण वारंवार होते.

या अरण्याचे नाके म्हणजे बल्लारपूर. वर्धा नदीच्या काठी असलेला येथील किल्ला गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशहाचे अंग गाठी व फोडांनी भरले होते, म्हणून राणीच्या सल्ल्याने त्याने सिरपूर सोडून येथे वस्ती केली, आणि पुढे शिकारीस गेला असता झरपट नदीच्या पात्रातील झऱ्याच्या पाण्याने त्यास गुण आला, तेव्हा त्या जागी चांदा वसला, अशी दंतकथा आहे. ती दंतकथाच समजावी. पण बल्लारपूर हे मुक्काम करून पुढे जाण्याचे ठिकाण आहे, एवढे तिच्यातून नेमके कळते. १७५१ मध्ये गोंडांचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आणि त्यानंतर शंभर वर्षांनी इंग्रजांकडे गेले. जमीनदाऱ्यांतील गावकऱ्यांना सरपण, गवत, घरापुरते लाकूड व वेळू नेण्याची मुभा असे. तिला निस्तार म्हणत. १९५०च्या कायद्याने मध्यप्रदेशातील जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांची जंगले सरकारात जमा झाली. निस्तार कागदोपत्री राहिला. मालकाचे नाव तेवढे बदलले.

विसाव्या शतकाच्या आरंभी बल्लारपुरास कोळशाची खाण निघाली. १९२०-३० च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठेकडचा लोहमार्ग जोडला जाऊन उत्तर व दक्षिण एका रुळावर आली. पाणी होते, कोळसा होता, गाडी होती, आणि पाठीशी वेळूचे अफाट वन होते. अशा जागी कागदाचा कारखाना निघाला नसता तरच नवल! १९४५ मध्ये बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही थापरांची कंपनी नोंदली गेली. लिहिण्या-छापण्याचा कागद तेथे होऊ लागला आणि दीर्घ मुदतीच्या सरकारी करारांनी दूरदूरच्या रानांतला वेळू बल्लारपुरी येऊ लागला. कारखान्यास खलपुरुष ठरविणे सोपे आहे, पण आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. एक सबंध शहर त्यावर पोसले. आणि ज्या वस्तूचा भाव सरकारच ठरवून देते ती कोणता व्यापारी घेणार नाही? खरा प्रश्न भांडवल कोणी घातले हा नसून मुद्दल कोणाचे होते हा आहे.

तो समजण्यास वेळूचा स्वभाव जाणला पाहिजे. या रानांतला मुख्य वेळू म्हणजे मानवेल. त्याचे जीवन जमिनीखालच्या गड्ड्यात असते. दरवर्षी पावसाळ्यात त्यातून नवे कोंब फुटतात (हेच आमच्याकडे वास्ते म्हणून भाजीस आवडीने खातात), आणि ते काही महिन्यांत पुरी उंची गाठतात. पण काठी पक्व होण्यास आणखी दोन-तीन वर्षे लागतात. जुन्या काठ्या बुडाशी तोडाव्या, कोवळ्या राखाव्या, म्हणजे बेट वर्षानुवर्षे देत राहते. घाईने वरच्या वर तोडले तर खुंटांची गर्दी होऊन ते आतल्या आत गुदमरते. अनेक दशकांनी एकदाच त्यास फुलोरा येतो आणि फुलून ते मरते. मग सारी भिस्त पडलेल्या बियांवर. ज्याच्या कराराची मुदत त्या फुलोऱ्याच्या कितीतरी आधी संपावयाची, त्याने कोंब राखण्याची तसदी कशासाठी घ्यावी? ती तसदी ज्याची नातवंडे तेथेच राहणार आहेत तोच घेईल. परंतु कायद्याने त्याचा अधिकार नव्हता. वनस्पतिशास्त्र वेळूस गवत म्हणते. १९२७च्या वनकायद्याने त्यास वृक्षांत बसविले, म्हणजे पर्यायाने वनखात्याच्या ताब्यात दिले. गवत की झाड, हा वाद वरवर पाहता शाळकरी वाटतो. पण त्यावर गावेच्या गावे अवलंबून होती.

राहावयास जाणाऱ्यांत आमटे कुटुंबाचे नाव प्रथम घ्यावे लागते. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांनी तेथे माडिया गोंडांत संसार मांडून दवाखाना व शाळा चालविली. पाहुणे पुष्कळ येतात आणि भारावून परत जातात. राहण्याचा निश्चय मात्र विरळा.

चौथे नाते आम्ही वर मोजले नाही, कारण ते बाहेरच्याचे नव्हे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे खेडे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्याची घोषणा आता सर्वश्रुत आहे. देवाजी तोफा हे गावचे पुढारी, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे चंद्रपूरहून आलेले अभ्यासक मित्र. येथे निर्णय बहुमताने होत नाहीत; सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालते. विषय नीट समजावा म्हणून गावाने अभ्यासगट चालविले. वेळू कारखान्यास जाण्यासही गावाने हरकत घेतली. २००६च्या वनहक्क कायद्याने वेळूची गणना गौण वनोपजात केली, आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी वेळू गावाबाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखाते देईना. विकण्याचा हक्क आहे, पण माल शिवेबाहेर न्यावयाचा नाही, असा तो चमत्कार! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले, आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

येथपर्यंत कथा हक्काची झाली. पुढची पायरी आम्हांस अधिक विलक्षण वाटते. मालकी हाती येताच माणूस सहसा आपला वाटा वेगळा मागतो, आणि येथे तर वेळूस गिऱ्हाईक होते. परंतु २०१३ मध्ये या गावाने १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा आश्रय घेतला आणि आपापली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निश्चय केला. प्रत्येकाने आपले शेत पूर्वीप्रमाणेच कसावे, मुलाबाळांनी पुढे कसावे. मालकी मात्र सर्वांची मिळून. क्रूसोनेही वाटे वहिवाटीस देऊन सबंधाची मालकी राखली होती. येथे ती राखणारे बेटावरचेच रहिवासी आहेत, आणि बाहेरच्या धनिकाने कितीही पैसा आणला तरी शेताचा एक बांधसुद्धा त्यास विकत मिळावयाचा नाही. त्यास हवा असेल तर वेळू मिळेल. पण कोणत्या बेटातला, किती आणि कोणत्या भावाने, हे ग्रामसभा बसून ठरवील, आणि सर्वांचे एकमत होईपर्यंत त्यास थांबावे लागेल.