मरता मरता कर्नल काय सांगून जातो

पहिल्या नोकरीत एका रात्री आमचा सर्व्हर कर्नल पॅनिक होऊन थिजला. ड्युटीवरच्या मुलानं घाबरून पॉवर बटण दाबलं. मशीन पुन्हा सुरू झालं, पण कारण पुसलं गेलं. सकाळच्या मीटिंगमध्ये पुरावा नव्हता, त्यामुळे दोष त्याच्या माथी बसला. मी तिथंच होतो. गप्प बसलो.

एकेकाळी हा प्रश्न इतका अवघड नव्हता. १९५३मध्ये एमआयटीच्या व्हर्लविंड कॉम्प्युटरमध्ये फेराइटच्या बारीक कड्यांची मेमरी बसवली गेली. या कड्या चुंबकीय, म्हणून वीज गेली तरी त्यांतली माहिती टिकायची. त्या मेमरीचं नाव ‘कोअर’. तिच्यावरूनच आलेला ‘कोअर डम्प’ हा शब्द आपण आजही वापरतो. १९७०मध्ये इंटेलची ११०३ ही डीरॅम चिप आली. पुढं मेमरी स्वस्त आणि लहान होत गेली, पण वीज गेली की कोरी होऊ लागली.

मग लॉग लगेच डिस्कवर का लिहू नये? कारण कोसळलेल्या कर्नलवर भरवसा कसा ठेवणार? त्याच्या हातून चांगला डेटाही खराब होऊ शकतो.

यावर लिनक्सनं २००५मध्ये, २.६.१३ आवृत्तीत, मार्ग काढला. एरिक बिडरमन यांचं केएक्झेक आणि त्यावर उभारलेलं, आयबीएममधल्या विवेक गोयल यांच्यासारख्यांनी घडवलेलं केडम्प. यात दुसरा कर्नल राखीव मेमरीत आधीच बसवलेला असतो. पहिला कोसळला की बायॉसमध्ये न जाता थेट हा सुरू होतो आणि जुनी मेमरी फाइलसारखी वाचून जपून ठेवतो.

तुमच्या हातातल्या फोनला हा थाट परवडत नाही. तिथं रॅमूप्स असतं: रॅमचा छोटासा राखीव तुकडा. वीज न तोडता रीस्टार्ट झालं, तर शेवटचा लॉग सहसा तिथं टिकतो. पुढच्या बूटला पीस्टोअर तो वाचायला देतं. पीस्टोअर २०११मध्ये लिनक्समध्ये आलं.

तीन आठवड्यांनी आमचा सर्व्हर पुन्हा पडला. या वेळी केडम्प चालू होतं. चूक मी बदललेल्या ड्रायव्हरमध्ये निघाली. तोवर तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. मी फोन करून माफी मागितली. थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “हे त्या मीटिंगमधल्या लोकांना सांगितलंस का?”

त्याच संध्याकाळी मी सगळ्यांना मेल लिहिली. सोबत लॉग जोडला.