काचेच्या पेटीतले शेजारी

मागच्या सुट्टीत भाच्याला पाणचक्की दाखवायला नेलं होतं. हौदातले मासे पाहून त्याचा पाय तिथून निघेना. घरी येईपर्यंत “मामू, आपल्याकडेही मासे हवेत” हा हट्ट पक्का झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही दीड फुटी काचेची पेटी, दोन गोल्डफिश, चार गप्पी, एक एंजल आणि दोन टायगर बार्ब घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, “सगळे एकत्र राहतात, काळजी करू नका.” दहाव्या दिवशी पेटीत तीन मासे उरले. भाच्याने विचारलं, “मामू, यांचं आपसात का नाही पटलं?”

त्याला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो, तेव्हा कळलं की या लहानशा छंदामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. पुस्तकं सांगतात, तो लंडनमध्ये सुरू होतो. मला वाटतं, तो त्याआधी आपल्या नद्यांच्या काठावर सुरू झाला होता.

आधी लंडनचं पाहू. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता, तो १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. १८४९ मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या एका मोठ्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे सोडतात तो कार्बन डायऑक्साइड वनस्पती घेते आणि ऑक्सिजन परत देते, हा त्याचा हिशेब. पण थोड्याच दिवसांत पानं कुजू लागली, पाणी गढूळ झालं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासा, झाड आणि गोगलगाय एकमेकांच्या आधाराने जगतात, हा पेटीतल्या सहजीवनाचा पहिला लेखी धडा. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि घरोघरी पेट्या दिसू लागल्या.

वॉरिंग्टनला एक गोष्ट मात्र ठाऊक असणं शक्य नव्हतं. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो जहरी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बरंच निरुपद्रवी असतं. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. नव्या पेटीत ते नसतात, त्यांची वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही तर पहिल्याच दिवशी नऊ मासे सोडले होते. म्हणजे आमचे काही मासे भांडून मेले नाहीत, ते गुदमरले. दोष त्यांच्या स्वभावाचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

स्वभावाचाही प्रश्न होताच. गोल्डफिश मूळ चीनचा, कार्पच्या कुळातला, थंड पाण्याचा. तो वाढून फूटभर होतो आणि घाणही तशीच करतो. एंजल अमेझॉनचा, मोठा झाला की तोंडात मावेल तो मासा गिळतो. गप्पी त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. टायगर बार्ब सुमात्रा-बोर्निओकडचा. तो आठ-दहाच्या घोळक्यात असला की आपसातच खेळतो, एकटा-दुकटा पडला की दुसऱ्यांचे पर कुरतडतो. चीन, अमेझॉन, त्रिनिदाद आणि सुमात्रा आम्ही दीड फुटात कोंबले आणि वर पटण्याची अपेक्षा केली!

मग एकमेकांशी पटणारे मासे कुठे शोधायचे? जिथे ते आधीपासून एका पाण्यात राहतात तिथे. इथे इतिहास आपल्या दारात येतो.

फ्रान्सिस हॅमिल्टन (आधीचं आडनाव बुकानन) हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १८०७ ते १८१४ या काळात तो कंपनीसाठी बंगाल-बिहारची पाहणी करत फिरला आणि वाटेत मासे गोळा करत गेला. गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरचं त्याचं पुस्तक १८२२ मध्ये एडिंबरोहून निघालं. त्यात अडीचशेहून जास्त जाती आहेत. आज जगभरच्या दुकानांत मिळणारे झेब्रा डॅनिओ, हनी गुरामी, ड्वार्फ गुरामी, रोझी बार्ब, काचेसारखा आरपार दिसणारा ग्लासफिश, या सगळ्यांना शास्त्रीय नाव पहिल्यांदा याच पुस्तकात मिळालं. ती नावं त्याने मनाने रचली नाहीत. बरीचशी बंगालच्या कोळ्यांच्या तोंडून घेतली. रोझी बार्बच्या ‘कोन्कोनियस’मध्ये बंगाली ‘कांचन पुंटी’ आहे, हनी गुरामीच्या ‘चुना’मध्ये ‘चुना खलिशा’.

१८१५ मध्ये तो परत निघाला, तेव्हा त्याने करवून घेतलेली चित्रं गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांनी कलकत्त्यातच ठेवून घेतली. याचं त्याला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी प्राण्यांची चित्रं काढणाऱ्यांपैकी हलुदर या बंगाली चित्रकाराचं नाव आज आपल्याला माहीत आहे. ज्यांनी जाळ्यातला एकेक मासा उचलून त्याचं नाव सांगितलं, त्या कोळ्यांची नावं मात्र शास्त्रीय नावांत कुठेच नाहीत.

आपल्या दख्खनचीही हीच गोष्ट. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची मोजदाद करणाऱ्या कर्नल साइक्सने इथल्या नद्यांतले मासे जमवले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णनं लंडनमध्ये छापली गेली. त्यातली नावं वाचा: मुल्या, फुलंगी, कोलुस, पोटील, खुद्री. लॅटिनच्या कपड्यांत ही आपलीच बोली आहे. पुण्याच्या मुळा-मुठेवर जाळं टाकणाऱ्या भोयांचे शब्द जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर चिकटलेले आहेत. माणसं विसरली गेली, शब्द टिकले.

या जुन्या नोंदी आज पेटी भरणाऱ्यालाही उपयोगी पडतात. बंगालच्या भातखाचरांत, संथ ओढ्यांत झेब्रा डॅनिओ थव्याने वरच्या थरात पळतो. गुरामी पाणवनस्पतींत हळूहळू फिरतो आणि वर येऊन हवेचा घोट घेतो. लोच तळाची वाळू चाळतो. ज्याचा त्याचा थर ठरलेला, खाणं वेगळं, म्हणून भांडण कमी. साठेक लिटरच्या पेटीत आठ झेब्रा, हनी गुरामीची एक जोडी आणि तळाला चार-पाच लहान लोच सुखाने राहतात. आपल्या हवेत वर्षातला बराच काळ हीटरही लागत नाही. रोझी बार्ब देखणा खरा, पण तो चार इंचांपर्यंत वाढतो आणि पर कुरतडतो, म्हणून त्याला मोठी पेटी हवी.

हे सगळं नीट निवडण्यात फक्त आपल्या पेटीची खुशाली नाही. केरळच्या नद्यांतला लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब पाहा. १८६५ मध्ये त्याला मद्रासच्या गव्हर्नरचं नाव मिळालं. बाजारात त्याला ‘मिस केरळ’ म्हणतात. शौकिनांसाठी तो नद्यांतून इतका उपसला गेला की आज त्याची गणना धोक्यातल्या जातींत होते. त्याला सहा इंच वाढायला आणि थव्याने पळायला जागा लागते, तरी तो दोन फुटी पेट्यांत विकला जातो. उलट बाजूही आहे. डास मारायला १९२८ मध्ये आणलेला गॅम्बुसिया आणि आपण कंटाळून विहिरी-तळ्यांत सोडलेले गप्पी इथल्या छोट्या माशांची जागा बळकावतात. म्हणून नको झालेला मासा दुकानात परत द्यावा, कुणाला तरी द्यावा, पण नदीत सोडू नये.

आम्ही पेटी रिकामी केली. उरलेले तीन मासे मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्या घरी दिले. मग पेटीत झाडं लावली आणि भाच्याला सहा आठवडे थांबायला सांगितलं. हे सगळ्यात कठीण गेलं. आता तिथे झेब्रा आहेत, गुरामीची जोडी आहे, आणि झाडांबरोबर आपणहून आलेल्या दोन गोगलगायी आहेत. भाच्याने पेटीवर कागद चिकटवून त्यावर नावं लिहिली आहेत. परवा एक पाहुणे विचारत होते, “हे परदेशी मासे कुठून आणले?” त्याने कागदावर बोट ठेवून सांगितलं, “परदेशी नाहीत. हा चुना. बंगालचा.”