पानावरची परवानगी

अणदूर या गावी डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या कमी शिकलेल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. त्यांना शिकवायला डॉक्टरकीची जाडजूड पुस्तकं काय कामाची? त्यांच्या बोलीत, त्यांच्या अंगणातले दाखले घेऊनच ते ज्ञान नव्याने मांडावं लागतं.

महाविद्यालयीन मुलांसाठीच्या मुक्त, म्हणजे कोणीही वापरावं आणि बदलावं अशा, अभ्याससाहित्याची कुळी शोधताना लोक थेट अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठापाशी पोचतात. मला तिचं मूळ अशा आरोग्यशिक्षणात दिसतं. डेव्हिड वर्नर हा जीवशास्त्राचा शिक्षक मेक्सिकोच्या डोंगरातल्या खेड्यांत काम करत होता. तिथल्या शेतकऱ्यांसाठी त्याने स्पॅनिशमध्ये लिहिलेलं पुस्तक 1970च्या दशकात इंग्रजीत 'व्हेअर देअर इज नो डॉक्टर' म्हणून आलं. त्यात सुरुवातीलाच परवानगी छापली होती: यातला मजकूर आणि चित्रं कोणीही उतरवून घ्यावीत, आपल्या भागाला जुळतील अशी बदलावीत, विचारायला येऊ नये, फक्त त्यावर नफा कमावू नये. 'क्रिएटिव्ह कॉमन्स' हे खुल्या परवान्यांचं नाव जन्मायला तेव्हा पुष्कळ वर्षं होती. 'बदलावीत' हा त्यातला सगळ्यात मोलाचा शब्द. फुकट वाटलेलं पुस्तक बदलता आलं नाही, तर ते दुसऱ्याचंच राहतं.

पुढची पायरी संगणकवाल्यांची. रिचर्ड स्टॉलमनच्या 1989च्या जीपीएल परवान्याने अट घातली की बदललेला प्रोग्राम पुढे दिलात, तर तोही त्याच मोकळिकीने द्या. 1998मध्ये डेव्हिड वायली यांनी हा विचार शिकवण्याच्या साहित्याला लावला. एप्रिल 2001मध्ये एमआयटीने आपले अभ्यासक्रम सर्वांना खुले करायचं जाहीर केलं, जुलै 2002मध्ये युनेस्कोच्या पॅरिसमधल्या बैठकीत 'मुक्त शैक्षणिक संसाधनं' हे नाव ठरलं आणि त्याच डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले.

पण एमआयटीचं ते सगळं इंग्रजीत. आपल्याकडे उच्च शिक्षणातला भाषेचा पेच जुनाच आहे. अणदूर निजामाच्या राज्यात होतं तेव्हा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठासाठी दारुत्तर्जुमा या भाषांतर विभागात इतिहास, गणित, विज्ञानाची पाठ्यपुस्तकं उर्दूत आणली गेली. काम प्रचंड होतं, पण मराठी घरातल्या मुलाला तीही भाषा परकीच.

मराठीपुरतं या कुळातलं मला सर्वात भावलेलं काम आयआयटी मुंबईतलं आहे: प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प. लिबरऑफिस, पायथन, लाटेक्, सायलॅब असे विषय साधारण दहा मिनिटांच्या धड्यांत मांडलेले असतात. आधी संहिता लिहायची, मग त्या विषयात अगदी नवख्या माणसाला ती वाचून करून पाहायला सांगायची. तो जिथे अडेल तिथे संहिता दुरुस्त करायची, आणि मगच ध्वनिमुद्रण. मराठी आवृत्तीत पडद्यावरचं इंग्रजी तसंच राहतं, आवाज तेवढा मराठी होतो. मुलाने बाजूला तोच प्रोग्राम उघडून, धडा थांबवत थांबवत, स्वतः करत जायचं. परवाना असा की कोणीही वाटावं, बदलावं, श्रेय द्यावं आणि बदललेलंही तसंच खुलं ठेवावं. अणदूरच्या जवाहर महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलाला हे शिकायला पुण्याचा क्लास लावावा लागत नाही.

मात्र ही समृद्धी बहुतांशी संगणकाभोवतीची. मराठीतून अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्याला अजून बाजारातल्या गाइडांवर भागवावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. वर्षानुवर्षं तेच विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे टिपणं असतात. पण भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्याने मजकूर लिहिला की नोंदणीशिवायच स्वामित्वहक्क तयार होतो, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. टिपणांवर काहीच लिहिलं नाही, तर कायद्याच्या लेखी ती बंदच. उघडायची, तर वर्नरसारखी दोन ओळींची परवानगी लेखकाने पहिल्या पानावर स्वतः लिहावी लागते.