डिकीतील सबवूफरची पेटी : लिटरचा हिशेब आणि सीएनजीची टाकी

सुरतेत मोटारीच्या डिकीत सबवूफर बसवायचा म्हटले की पहिला प्रश्न आवाजाचा नसतो, जागेचा असतो. हझिऱ्याचे वायुप्रकल्प शेजारी असलेल्या या शहरात सीएनजीवर चालणाऱ्या खासगी मोटारी सर्रास दिसतात आणि अशा मोटारीची बरीचशी डिकी आडव्या टाकीने व्यापलेली असते. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या मोटारीही याला अपवाद नाहीत. दुकानात मिळणारी तयार पेटी उरलेल्या जागेत बसत नाही. ती सुताराकडून मापाने करून घ्यावी लागते. गोव्यातही आता सीएनजीचे पंप सुरू झाले आहेत आणि पावसाळी दमटपणा तर दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे सुरतेतील अडचणी आपल्या वाचकांनाही परक्या वाटू नयेत.

मुळात पेटी लागते कशाला? सबवूफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लहरी परस्परविरुद्ध असल्याने एकत्र आल्या की एकमेकींना खोडतात. चाळीस हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब, म्हणजे लहान मोटारीच्या दुपटीहून अधिक असते. उघड्यावर ठेवलेल्या सबवूफरमधून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही तो यामुळे. मागची लहर कोंडून ठेवणे हे पेटीचे पहिले काम. दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे : आत कोंडलेली हवा पडद्यामागे स्प्रिंगसारखी वागते. एडगर विल्चर यांनी १९५४ साली अमेरिकेत याच तत्त्वावर बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी या विषयाला गणिती शिस्त लावली. सबवूफरसोबतच्या कागदावर छापलेले आकडे आजही या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. तो कागद खोक्यासह फेकून देण्याची आपल्याकडची रीत मोडायला हवी, कारण पेटीचा आकार त्यावरच ठरतो.

उदाहरण घेऊ. बारा इंची सबवूफरच्या कागदावर ‘क्यूटीएस’ ०.४५ आणि ‘व्हीएएस’ ५० लिटर असे लिहिले आहे. पन्नासला पेटीच्या लिटरांनी भागावे, त्यात एक मिळवावा, वर्गमूळ काढावे आणि ०.४५ ने गुणावे. उत्तर ०.७ च्या आसपास आले की खर्ज सपाट आणि नेमका मिळतो. पेटी ३५ लिटरची धरली तर उत्तर नेमके ०.७० येते. पेटी फार लहान केली तर हा आकडा वाढतो आणि प्रत्येक ठोका ‘धब्ब’ असा एकसुरी वाजू लागतो. रस्त्यावरून जाणाऱ्या कित्येक मोटारींतून ऐकू येतो तो हाच दोष, आणि तो महागड्या स्पीकरनेही झाकला जात नाही.

आता हे ३५ लिटर लाकडात उतरवू. बाहेरून ५० सेंटिमीटर रुंद, ३८ उंच आणि २८ खोल अशी पेटी १८ मिलिमीटरच्या फळ्यांची केली, तर आतली मापे ४६.४, ३४.४ आणि २४.४ उरतात, गुणाकार जवळजवळ ३९ लिटर. त्यातून स्पीकरच्या मागच्या भागाने अडवलेले सुमारे तीन लिटर आणि आधारपट्टीचे एक लिटर वजा केले की ३५ उरतात. आसनाची पाठ तिरकी असते, म्हणून मागची फळीही तिरकी करावी : तळाशी ३२ आणि माथ्याशी २४ सेंटिमीटर. सरासरी २८ येते आणि हिशेब फारसा बदलत नाही.

नळीची पेटी त्याच ताकदीत अधिक मोठा खर्ज देते, पण जागा जास्त खाते आणि चूक माफ करत नाही. पन्नास लिटरच्या पेटीत दहा सेंटिमीटर व्यासाची नळी पस्तीस हर्ट्झला जुळवायची तर तिची लांबी सुमारे ३१ सेंटिमीटर भरते. टाकी असलेल्या डिकीत ती मावणे कठीण. शिवाय बंद मोटारीची लहान पोकळी अतिखर्जाला आपसूक उठाव देते, म्हणून सुरतेतल्या सीएनजी मोटारीला बंद पेटीच शोभते असे आमचे मत आहे.

साहित्यात एमडीएफला पसंती मिळते, कारण ते घट्ट असते, त्याला रेषा नसतात आणि ते कापायला सोपे जाते. त्याचा शत्रू पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर सुरतेत शिरला तसे संकट नेहमी येत नाही. पण डिकीच्या दाराचे रबर झिजले की पावसाळ्यात झिरपणारे पाणीही एमडीएफ फुगवायला पुरेसे असते. कडांना आणि तळाला पॉलियुरेथेन लेप द्यावा किंवा थोडा खर्च वाढवून सागरी प्लायवूड घ्यावे. सांधे लाकडी गोंद आणि स्क्रू दोन्हींनी पक्के करून आतून सिलिकॉनने बुजवावेत. सिलिकॉन पूर्ण सुकण्याआधी स्पीकर बसवू नये. पेटी थोडी लहान पडत असेल तर आत पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरतात. त्याने ती किंचित मोठी असल्यासारखी वागते. कृत्रिम धाग्याच्या या शहरात त्याची वाण पडत नाही!

सीएनजी टाकीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. टाकीला, तिच्या चौकटीला किंवा पट्ट्यांना पेटी वा ॲम्प्लिफायर स्क्रूने जोडू नये. तळाला भोक पाडण्यापूर्वी मोटारीखाली वाकून वायूची नळी कुठून जाते ते पाहावे. टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह हाताला लागलाच पाहिजे आणि गळती बाहेर सोडणारी वाट झाकता कामा नये. टाकीची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करावी लागते. तेव्हा पेटी चार बोल्ट सोडवून निघणारी असावी. सैल ठेवलेली पेटी तर टाकीइतकीच धोकादायक. वरील पेटी स्पीकरसह वीसेक किलो भरते. धडकेत वीसपट गुरुत्वाचा झटका बसला तर तिचा जोर चारशे किलोच्या भारासारखा होतो, आणि मागच्या आसनावर बहुधा मुले असतात.

विजेचा हिशेब सोपा आहे. पाचशे वॅटचा ‘क्लास डी’ ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात सुमारे ४५ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला शुद्ध तांब्याची २५ चौरस मिलिमीटर तार घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्त असते, पण अधिक तापते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, ॲम्प्लिफायरजवळ नव्हे. कारण तो तारेच्या रक्षणासाठी असतो. अर्थिंग रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर घ्यावे.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. काढता येणारी पेटी ठेवणे वेगळे आणि मागचे आसन उखडून आसनसंख्या घटवणे वेगळे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि बंद काचांतूनही खर्ज भिंती ओलांडतो.

पेटी तयार झाल्यावर हवाबंदपणा तपासण्याची एक जुनी पद्धत आहे. वीज जोडण्याआधी दोन्ही हातांच्या बोटांनी पडदा समान दाबून अलगद आत ढकलावा व सोडावा. तो सावकाश परत आला तर सांधे पक्के. झटकन उसळला तर सिलिकॉनची नळी पुन्हा हाती घ्यावी.