पाटीवर न मावलेलं मीठ

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रस्त्याने जाताना एक पाटी वारंवार दिसते. चंदेरी पत्रा, काळी अक्षरं, वर राज्याची मुद्रा. जे सांगायचंय ते पाच-सहा ओळींत, वीस-पंचवीस शब्दांत, कारण गाडीतून जाणाऱ्याला ते वाचता आलं पाहिजे. 1935 मध्ये राज्याने ही योजना सुरू केली, पहिली पाटी 1936 मध्ये लागली आणि आज अशा सोळाशेहून जास्त पाट्या आहेत. ट्विटरच्या आधीचं ट्विटर म्हणा हवं तर. फक्त हे डिलीट करायला क्रेन लागते.

मला या पाट्या वाचायचं व्यसन आहे. सोबतचे लोक वैतागतात. त्यामुळे मॅडिसन काउंटीत मी एकटाच गेलो.

अ‍ॅशव्हिल शहरातून उत्तरेला निघालात की साधारण अर्ध्या तासात ही काउंटी लागते. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्याचा धाकटा भाऊ. ही तर लोकसंख्येने आपल्या तालुक्याहूनही लहान: 2020च्या जनगणनेत इथे 21 हजारांच्या आसपास माणसं होती. बाकी सगळा अ‍ॅपलाचियन डोंगर, मधून फ्रेंच ब्रॉड नदी, आणि नदीकाठी मार्शल नावाचं मुख्य गाव.

हॉट स्प्रिंग्ज या छोट्या गावातली एक पाटी त्याच्या गरम झऱ्यांबद्दल आहे. तिच्या शेपटीला 1917-18 मध्ये इथे जर्मनांना स्थानबद्ध ठेवलं होतं, एवढाच उल्लेख. प्रत्यक्षात दोन हजारांहून जास्त माणसं होती ती. महायुद्धामुळे अमेरिकन बंदरांत अडकलेले बोटींवरचे अधिकारी आणि खलाशी. राहायला आलिशान हॉटेल आणि त्याचं आवार. त्यांनी तिथे भंगार लाकडातून अख्खं टुमदार गाव उभं केलं. पाटीवर त्याला एक ओळ. दुसरी पाटी जेन जेन्ट्री यांच्या घरापाशी आहे. 1916 मध्ये सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक जुनी लोकगीतं शोधत या डोंगरात आला, तेव्हा या बाईंनी त्याला साठाहून जास्त गाणी म्हणून दाखवली. ही पाटी वाचून बरं वाटतं.

मग मी 208 नंबरच्या रस्त्याला लागलो. तिथून 212 नंबरचा रस्ता शेल्टन लॉरेल नावाच्या खोऱ्यात शिरतो, आणि त्या फाट्यापाशी तिसरी पाटी आहे. तिचा आशय असा: युनियनच्या बाजूचे असल्याच्या संशयावरून तेरा पुरुष आणि मुलांना कॉन्फेडरेट सैनिकांनी 1863च्या सुरुवातीला ठार केलं. कबरी 8 मैल पूर्वेला.

यात खोटं काहीच नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं, कुठूनतरी सैन्य आलं, मारून गेलं. युद्धात होतं तसं.

1861 मध्ये नॉर्थ कॅरोलायना अमेरिकेतून फुटून गुलामगिरी राखणाऱ्या दक्षिणी राज्यांच्या कॉन्फेडरसीत गेलं. या खोऱ्यातल्या गरीब शेतकऱ्यांना त्या लढाईत रस नव्हता. 1862 मध्ये सक्तीची भरती आली, आणि त्याच वर्षी 20 गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला भरतीतून सूट मिळाली. लॉरेलमध्ये 20 गुलाम कुणाकडे असणार! पोरं पलटणीतून पळून डोंगरात लपू लागली.

त्यात मीठ संपलं. आपल्याला मीठ म्हणजे चवीपुरतं. त्यांना ते हिवाळ्यासाठी लागायचं: थंडी पडली की डुकरं कापायची आणि मांस खारवून वसंतापर्यंत पुरवायचं. मीठ नाही तर मांस सडणार. मीठ मार्शलमध्ये होतं, पण युनियनवाल्या घरांना ते दिलं जात नव्हतं. 1863च्या जानेवारीत लॉरेलची पन्नासेक माणसं मार्शलवर चालून आली. मीठ लुटलंच, शिवाय 64व्या नॉर्थ कॅरोलायना पलटणीचा कर्नल लॉरेन्स अ‍ॅलन याचं घरही लुटलं. घरात त्याची मुलं लाल तापाने आजारी होती. त्यांतली दोन थोड्याच दिवसांत दगावली.

लुटणाऱ्यांतले काही जण याच 64व्या पलटणीतून पळालेले होते. अ‍ॅलन मार्शलचा, त्याच्या हाताखालचा लेफ्टनंट कर्नल जेम्स कीथही मार्शलचा. आणि बंदोबस्ताला पाठवली गेली तीच पलटण, कीथच्या हाताखाली. म्हणजे मारणारे आणि मरणारे एकमेकांना ओळखत होते.

माणसं कुठे लपलीत हे काढून घेण्यासाठी सैनिकांनी बायकांना मारलं. त्या वर्षीच्या वर्तमानपत्री वृत्तान्तात सत्तरी आणि पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्यांना फटके दिल्याचं आलं आहे. शेवटी पंधरा जण पकडले. नॉक्सव्हिलला नेऊन खटला चालवू, असं सांगितलं. वाटेत दोघं निसटले. उरलेल्या तेरांना रस्त्यातच गुडघ्यांवर बसवून गटागटाने गोळ्या घातल्या. सैनिक आधी कचरले, तेव्हा कीथने त्यांनाच त्या रांगेत बसवायची धमकी दिली. सर्वांत लहान डेव्हिड शेल्टन 13 वर्षांचा होता. आईकडे जाऊ द्या म्हणून तो गयावया करत होता, असं वृत्तान्त सांगतो. आणि या तेरांतले बहुतेक जण मार्शलच्या लुटीत नव्हतेच. हे कॉन्फेडरसीच्याच राज्यातला सरकारी वकील ऑगस्टस मेरिमन याने गव्हर्नर व्हान्सला लिहून कळवलं.

व्हान्स शेजारच्याच काउंटीतला. तो संतापला, कीथवर खटला भरायला हवा म्हणून मागे लागला. कीथला राजीनामा देऊन जाऊ दिलं. युद्धानंतर त्याला पकडून तुरुंगात ठेवलं, तर 1869 मध्ये तो तुरुंगातून पळाला. त्याला शिक्षा कधीच झाली नाही.

मला पाटी लिहिणाऱ्यांवर चिडायचं नाही. एका सरकारी पाटीवर ‘कॉन्फेडरेट सैनिकांनी’ असं स्पष्ट लिहिणं ही दक्षिणेत लहान गोष्ट नाही. पण ‘मीठ’ आणि ‘शेजारी’ हे दोन शब्द गाळले की ही गोष्ट कुठल्याही युद्धाची होते. मीठ असलं की भूक दिसते, शेजारी असला की ओळखीचा चेहरा.

गाडी कडेला लावून मी फोनवर स्वतःची पाटी लिहून पाहिली, वीस शब्दांची अट घालून: ‘1863च्या जानेवारीत मिठावरून पेटलेल्या सुडात कॉन्फेडरेट सैनिकांनी आपल्याच शेजारचे 13 पुरुष आणि मुलं पकडून, खटला न चालवता, त्यांना गोळ्या घातल्या.’ मोजले. बरोबर वीस. मार खाल्लेल्या बायका राहिल्या. अ‍ॅलनची दोन मुलं राहिली. पळालेला कीथ राहिला. आणि कबरी कुठे आहेत हे सांगायलाही जागा उरली नव्हती. त्यासाठी ‘खटला न चालवता’ खोडलं. थोडा वेळ बघत बसलो, मग परत लिहिलं.