आळी, नाका, मांडवी... आपल्या रत्नागिरीला ही नावं दिली कोणी?

नामकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एकतर पाटी लागते, नाहीतर वाद लागतो. रिक्षावाल्याला आपण रोज जी नावं सांगतो, ती आली कुठून हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून आज जरा गावातूनच फिरूया. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

बंदरापासून सुरुवात करू. मांडवी. जुन्या मराठीत आणि गुजरातीत मांडवी म्हणजे जकातघर, बंदरावर उतरलेल्या मालावर कर घेण्याची जागा. मुंबईत मशीद बंदराशेजारी मांडवी आहे, कच्छमध्ये तर अख्ख्या बंदराचं नावच मांडवी. आपण संध्याकाळी भेळ खायला जातो त्या जागेच्या नावात हिशेबाच्या वह्या आहेत. (मांडवी एक्स्प्रेसचा आणि आपल्या मांडवीचा संबंध नाही हो. ती गाडी गोव्याच्या नदीच्या नावाची.) त्याच किनाऱ्याला आपण काळा समुद्र म्हणतो आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे एकच, नाव रेतीच्या रंगावरून. ही नावं देणाऱ्याने कुठलाही ठराव केला नव्हता, नुसतं बघितलं होतं.

गावात वर या. खालची आळी, वरची आळी. उतारावर वसलेल्या गावात पूर्व-पश्चिम कोण सांगतो? आळी म्हणजे ओळ, घरांची रांग. गाडीतळ म्हणजे गाड्या सोडायची जागा, बैलगाड्या बरं का. नाका म्हणजे जकातीची चौकीही, आणि नुसता कोपरा, चौकही. गोखले नाक्यावर आज कोणी जकात मागत नाही, फार तर गाडी बाजूला घ्यायला सांगतात. आणि साळवी स्टॉप बघा. आडनाव मराठी, स्टॉप इंग्रजी, आणि दोन्ही मिळून झालेलं नाव पक्कं रत्नागिरीचं.

टिळक आळीची गंमत वेगळी. टिळकांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. वडील गंगाधरपंत इथे शिक्षक होते, म्हणून 23 जुलै 1856 ला बाळ जन्मला तो रत्नागिरीत, भाड्याच्या घरात. 1866 मध्ये वडिलांची पुण्याला बदली झाली आणि कुटुंब गेलं. दहा वर्षं राहून गेलेल्या मुलाच्या नावाने आळी ओळखली जाते. त्याआधी तिला काय म्हणत, हे विचारलं तर किती जण सांगू शकतील?

पण सगळ्यात लांबून आलेलं नाव थिबा पॅलेस रोडचं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा 1885 मध्ये इंग्रजांच्या हाती लागला, 1886 मध्ये त्याला इथे आणलं. राजवाडा तयार झाला 1910 च्या सुमारास आणि 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला. एवढं शाळेतलं पोरही सांगेल. आता पुढचं ऐका. थिबा हे त्याचं जन्मनाव नव्हे. ब्रह्मदेशात राजपुत्राला ज्या गावाचा महसूल तोडून दिलेला असे, त्या गावाच्या नावाने तो ओळखला जाई. थिबा हे शान डोंगराळ मुलखातलं एक गाव आहे, आज ते सीपॉ या नावाने ओळखतात. म्हणजे कुठल्या तरी डोंगरातल्या गावाचं नाव एका कैदी राजाबरोबर बोटीतून आलं आणि आपल्या रस्त्याला चिकटलं.

आता मुद्द्याचं. तेली आळी. आणि गावोगावच्या सुतारवाडी, कुंभारवाडी, गुरववाडी.

डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची, रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. त्याऐवजी समतानगर, भीमनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत पत्त्यातूनच माणसाची जात कळावी, हे बंद झालंच पाहिजे, त्यात दुमत नाही. आणि ज्यांना ते सोसावं लागलं त्यांनी सरकारची वाटही बघितली नव्हती. 1956 च्या धर्मांतरानंतर कोकणातल्या कितीतरी महारवाड्यांनी स्वतःहून बौद्धवाडी हे नाव घेतलं. ते वरून आलेलं नाव नाही, मिळवलेलं आहे. बदलायच्या नावांच्या उदाहरणांत महारवाड्याशेजारी बौद्धवाडाही होता, हे मला आजही खटकतं.

कुंभारवाडीचं काय? तिथे जात आहे तशी भट्टीही आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क नावाचं जुनं शहर आहे. तिथे रस्त्याला 'गेट' म्हणतात. हा शब्द इंग्रजी दरवाज्याचा नाही, 866 मध्ये शहर घेणाऱ्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला, अर्थ रस्ता. तिथला एक रस्ता कॉपरगेट. कोणालाही वाटेल तांबट आळी! पण त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पेले-वाडगे करणाऱ्यांचा रस्ता. 1976 ते 1981 मध्ये तिथे खणलं, तर जमिनीखाली लेथवर कातलेले लाकडी वाडगे आणि त्यांचे उरलेले गाभे निघाले. हजार वर्षं कारागीर नव्हते, नाव होतं. यॉर्कवाल्यांनी मध्येच त्याचं समतानगर केलं असतं तर?

तुम्ही म्हणाल, तिथे पेले करणाऱ्याला कोणी पाण्यापासून दूर ठेवलं नव्हतं. बरोबर आहे. म्हणूनच नाव ठेवायचं की बदलायचं, हे त्या वाडीत राहणाऱ्यांनी ठरवावं, आमच्यासारख्या बाहेरच्या हौशी माणसांनी नाही. माझी मागणी छोटी आहे. पाटी बदलताना जुनं नाव, ते कशावरून पडलं आणि कधी बदललं, एवढं नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवा. पाटीवर नको, दप्तरात. नाहीतर शंभर वर्षांनी तालुक्यात दहा समतानगरं असतील आणि समता कशासाठी मागावी लागली हेही कोणाला कळणार नाही.

घरात जुनं खरेदीखत, घरपट्टीची पावती, मनीऑर्डरचं कूपन असेल तर काढा. तुमच्या आळीचं, वाडीचं त्यावर जे नाव आहे ते सालासकट खाली लिहा. आजी-आजोबा सांगतील ते कारणही लिहा. ज्यांना जुनं नाव लिहायला नको वाटतं त्यांनी नवं कोणी, कधी ठेवलं ते लिहा. यादी मी करतो.