मुंगूस : एका शब्दाची वहिवाट

सुरतेचे नाव निघाले की आम्हां महाराष्ट्रीयांच्या मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. शिवछत्रपतींनी सुरतेहून काय आणले, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु त्याच सुमारास सुरतेच्या इंग्रज वखारीतील एका माणसाने आमच्या घरची एक वस्तू उचलून विलायतेस नेली. तिची पावती झाली नाही आणि कोणी दादही मागितली नाही. ती वस्तू म्हणजे एक शब्द : मुंगूस.

जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा शस्त्रवैद्य १६७३ साली मुंबईस उतरला. पुढे तो सुरतेच्या वखारीत राहिला. १६७५ साली जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून तो तेथे जाऊन आला. कारवार-गोव्याकडेही त्याचे फिरणे झाले. त्याचे प्रवासवृत्त १६९८ साली लंडनमध्ये छापले गेले. त्यात त्याने या प्राण्याचा उल्लेख करून विलायतेतील फेरेटशी त्याचे नाते लावले आहे. इंग्रजी कोशकार या शब्दाचा जन्मदाखला म्हणून हाच उल्लेख पुढे करतात.

आता येथे वकिली मनाला एक प्रश्न पडतो. सुरतेची भाषा गुजराती. गुजरातीत मुंगसाला नोळियो म्हणतात. हिंदीतला नेवला आणि हा नोळियो ही दोन्ही संस्कृत नकुलाची लेकरे. ज्या गावी वखार, त्या गावचा शब्द इंग्रजांनी घेतला नाही. घेतला तो दक्षिणेचा. दक्षिणेतही दुसरा दावेदार होता. तमिळ कीरिपिळ्ळै हे नाव युरोपीय ग्रंथांत शिरले होते आणि १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात त्याची स्वतंत्र नोंद आहे. पण ते टिकले नाही. मुंबई, जुन्नर, कारवार, गोवा या फ्रायरच्या वाटेवर मात्र नाव थोड्याफार फरकाने एकच होते, आणि तेच जगले.

परक्या घरी गेलेल्या लेकीचे नाव बदलावे तसे या शब्दाचे झाले. इंग्रजांनी त्याच्या शेपटाला ‘गूस’, म्हणजे हंस, चिकटवला. हंसाचे अनेकवचन ‘गीस’ होते, म्हणून मुंगसाचे काय करावे, हा तेथील व्याकरणाचा जुना विनोद आहे. ‘मंगूसेस’ हेच रूढ रूप; ‘मंगीस’ म्हणणारे हसे करून घेतात. फ्रेंचांनी त्याचे ‘मांगूस्त’ केले, स्पॅनिशांनी ‘मांगोस्ता’.

शब्दामागोमाग प्राणीही निघाला. १८७२ साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेली, उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी. त्यांच्या संततीतील काही १८८३ साली हवाई बेटांवर गेली. उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. तेव्हा उंदीर पुरते हटले नाहीत आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी मात्र बळी पडले. जमैकाच्या लोकगीतात मुंगूस हा लबाड कोंबडीचोर झाला. उलट मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने १८९३ साली ‘रिक्की-टिक्की-टावी’ प्रसिद्ध करून त्याला घरराख्या वीर केले. १९६१ साली अमेरिकेच्या सरकारने क्यूबाविरुद्धच्या गुप्त मोहिमेला याच प्राण्याचे नाव दिले.  जपानच्या अमामी-ओशिमा बेटावर विषारी सापांसाठी १९७९ साली सोडलेली मुंगसे दुर्मीळ सशांवर उठली. ती समूळ नष्ट केल्याची घोषणा २०२४ साली झाली. शब्द एकच, त्याचा अर्थ नेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे ठरला.

आमच्याकडे तो अर्थ अधिक घरगुती आहे. वाटेत मुंगूस आडवे गेले तर शुभ मानावे, आणि पोरांनी त्याला तोंड दाखवण्याची विनवणी करावी. पंचतंत्रातील नकुल बाळाला सापापासून वाचवतो आणि अविचाराने मारला जातो. महाभारतातील अर्ध्या सोन्याच्या अंगाचा नकुल तर युधिष्ठिराच्या अश्वमेधाला भर मंडपात उणे ठरवतो : गरीब ब्राह्मणाच्या मूठभर सातूची सर या यज्ञाला नाही, अशी त्याची साक्ष. आणि आज? चित्रकारांच्या कुंचल्यांसाठी याच साक्षीदाराची चोरून शिकार होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र त्याच्यावर आहे. पण मागणी आहे तोवर नुसत्या कलमांनी प्राणी वाचत नाही. पंचतंत्रातील ब्राह्मणीला निदान पश्चात्ताप तरी झाला.

आता मालकीचा मुद्दा. इंग्रजी कोश या शब्दाचे मूळ मराठी म्हणून नोंदवतात. आम्हांला त्याचा अभिमान वाटला. नाही म्हणणे खोटे होईल. पण कोकणीतही तो मुंगूसच आहे, हे कोश सांगत नाहीत. कन्नडात मुंगुसि, तेलुगूत मुंगिस. तेव्हा त्याची मुळे द्राविडी असावीत, असे पंडित म्हणतात. एकट्या मराठीच्या नावावर झालेली ही नोंद न्यायाने दुरुस्त व्हावयास हवी. कोकणी ही भाषा की बोली, या वादात आमच्या पक्षाने बरीच शाई खर्चली. १९७५ साली साहित्य अकादमीने आणि १९९२ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीने त्याचा निकाल लावला. निकालानंतरही सामाईक मिळकत सामाईकच राहते, आणि दोन्ही घरांच्या अंगणांतून फिरणारे मुंगूस बांध विचारीत नाही.

साप-मुंगसाच्या वैरी जोडीला संस्कृतात अहिनकुल म्हणतात. पाणिनीचा नियम असा, की ज्यांचे वैर कायमचे, त्यांचा द्वंद्वसमास एकवचनी होतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणकाराने जन्मवैऱ्यांनाही एकाच पदात नांदवले. मराठी आणि कोकणी तर वैरिणीही नव्हेत; एका पदरातल्या बहिणी आहेत. मग एकवचनाचा मान त्यांना नाकारावा, असे कोणते कारण उरते?